बारा गावांचा कर्ता : कोमाराम भीम

घरातील कर्ता पुरुष म्हणजे काय, हे आपल्या खेड्यापाड्यांतील वाचकांना निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. पहाटे सर्वांच्या आधी जो उठतो, बैलांना वैरण घालतो, पावसाने ओढ दिली म्हणजे ज्याची झोप उडते, आणि मुलांच्या ताटात भाकरी पडली हे पाहून मगच जो आपल्या ताटाकडे वळतो, त्याला आपण घरचा कर्ता म्हणतो. अशा माणसांची चरित्रे सहसा कोणी लिहीत नाही. त्यांची आठवण घरात, फार तर गावात राहते आणि एक-दोन पिढ्यांत विरून जाते.

तेलंगणातील जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात होऊन गेलेले कोमाराम भीम ह्यांचे नाव मात्र आज सर्वतोमुखी झाले आहे. हैदराबादेत हुसेनसागराच्या बांधावर त्यांचा पुतळा उभा आहे, एका जिल्ह्याला त्यांचे नाव दिलेले आहे, आणि २०२२ साली प्रदर्शित झालेल्या ‘आर आर आर’ ह्या तेलुगू चित्रपटामुळे ते नाव देशोदेशी पोहोचले. त्या चित्रपटातील भीम वाघाशी झुंजतो, दिल्लीत वेष पालटून राहतो आणि आंध्रचे वीर अल्लुरी सीताराम राजू ह्यांचा जिवलग मित्र होतो. हे सारे कल्पनेचे लेणे आहे. मनोरंजनाला आमची हरकत नाही. परंतु इतक्या लांबलचक चित्रपटात हा गृहस्थ नांगर धरताना कोठेही दिसत नाही, ह्याचे नवल वाटते. खऱ्या भीमांचे सारे आयुष्य नांगराच्या मुठीपाशीच घुटमळत राहिले. ज्या गोष्टीसाठी ते जगले आणि अखेर गेले, ती गोष्ट म्हणजे कसलेल्या जमिनीवर आपल्या माणसांचे नाव लागणे. प्रस्तुत लेखात त्या कुटुंबवत्सल, कष्टाळू शेतकऱ्याची ओळख करून देण्याचा हेतू आहे.

आदिलाबादचा मुलूख मराठी माणसाला परका नाही. पैनगंगा ओलांडली की तो सुरू होतो. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा आणि नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट हे तालुके १९५६ पर्यंत ह्याच आदिलाबाद जिल्ह्याचे भाग होते. तेथील गोंड घरात गोंडी बोलतो. बाजारात मात्र पश्चिमेकडचा मराठीवर येतो आणि पूर्वेकडचा तेलुगूवर. केरामेरी आणि जिवती ह्यांच्या सीमेवरील काही गावांवर तर महाराष्ट्र व तेलंगणा ही दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. ह्याच केरामेरी भागातील डोंगरांत जोडेघाट नावाचे गाव आहे. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमाराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले, आणि जोडेघाट ह्या चौथ्या जिल्ह्यात गेले. भीमांचे कूळ गोंडांतील कुमरा. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपुरात जे कुमरे आडनावाचे लोक भेटतात, त्यांचेच हे कूळ.

आता थोडे जमिनीविषयी, कारण ते समजल्यावाचून पुढील कथा समजणार नाही.

शहरातील लोकांची अशी एक समजूत असते की, डोंगरातला आदिवासी म्हणजे शिकार करणारा आणि कंदमुळांवर जगणारा माणूस. आदिलाबादचा गोंड तसा नव्हता. तो बैल जुंपून नांगरणारा शेतकरी होता. डोंगरमाथ्यावरील हलक्या जमिनीत ज्वारी, तीळ, उडीद अशी पिके तो घेई. काही वर्षांनी जमीन दमली की तिला विसावा द्यायचा, शेजारचा तुकडा नांगराखाली आणायचा, आणि पहिला तुकडा पुन्हा सकस झाला म्हणजे तिकडे परतायचे, अशी त्याची रीत होती. शेजारी कोलाम लोक राहत, ते उतारावर कुदळीने शेती करीत. जमीन पुष्कळ आणि माणसे थोडी होती तोवर ह्यात कोणाचे काही बिघडत नव्हते. सरकारी दप्तरात अशा कसणुकीला ‘सिवाय जमाबंदी’ म्हणत. ह्याचा अर्थ इतकाच की, सारा दरसाल भरावयाचा, परंतु जमिनीवर कसणाराचे नाव नाही. ज्या वाचकांनी सात-बाराच्या उताऱ्यासाठी चावडीवर खेटे घातले असतील, त्यांना ह्या दोन शब्दांत किती मोठी खाई दडली आहे हे सांगावयास नको.

ती खाई विसाव्या शतकाच्या आरंभी उघडली. निजाम सरकारने जंगले राखीव करण्यास सुरुवात केली. हद्दी आखणाऱ्या अधिकाऱ्यांनी विसाव्यासाठी पडीक टाकलेली शेते हीदेखील ‘जंगल’ म्हणूनच मोजली. काझीपेठ-बल्लारशाह हा लोहमार्ग १९२९ च्या सुमारास पुरा झाला आणि सागवानाला दूरचे गिऱ्हाईक मिळाले. पुढे सिरपूरला कागदाचा कारखाना निघाला, त्याला डोंगरातील बांबू हवा होता. लोहमार्गाबरोबर व्यापारी, सावकार, मक्तेदार आणि नव्या जमिनीच्या शोधातले शेतकरी आले. ज्यांना लिहितावाचता येत होते आणि ज्यांची कचेरीत ओळख होती, त्यांनी खोऱ्यातील काळ्या जमिनीचे पट्टे आपल्या नावावर करून घेतले. पिढ्यान् पिढ्या ती जमीन कसणारा गोंड आपल्याच शेतावर कूळ झाला, नाहीतर बैल घेऊन डोंगर चढला. ह्या नव्या जमीनदारांत तेलुगू होते, उर्दू बोलणारे होते, आणि आपले मराठी वतनदार व पटवारीही होते. ही गोष्ट आपण मराठी लोकांनी विसरणे बरे नव्हे.

अशा काळात, १९०१ साली, आसिफाबादजवळील सांकेपल्ली येथे भीमचा जन्म झाला असे मानतात. त्यांच्या आयुष्याच्या पूर्वार्धाची हकीकत गोंडांच्या आठवणींतून व गाण्यांतून आपल्यापर्यंत आली आहे. साहू आणि अल्लम राजय्या ह्या दोन तेलुगू लेखकांनी डोंगरांतील गावांत हिंडून ती गोळा केली आणि १९८३ साली तिच्यावर कादंबरी लिहिली. त्या आठवणींनुसार भीमचे वडील चिमनू जंगलखात्याच्या माणसांशी झालेल्या झगड्यात मारले गेले, आणि पोरके कुटुंब सुर्दापूर नावाच्या गावी येऊन राहिले. तेथे त्यांनी जमीन मोडून पेरणी केली. पीक उभे राहिले तेव्हा सिद्दिक नावाचा एक जमीनदार आला आणि ही जमीन माझी, पीकही माझे, असे म्हणू लागला. भांडण हातघाईवर आले, तरुण भीमच्या हातून त्या माणसावर घाव बसला आणि तो मेला. भीमला रातोरात गाव सोडून पळावे लागले.

एका माणसाचा जीव गेला ही गोष्ट लहान नव्हे, आणि ती झाकून ठेवून चरित्र सजवण्यात काही अर्थ नाही. गोंडांच्या कथेतही ती झाकलेली नाही. उलट कथेचा पुढला सारा भाग ह्या पळून जाण्यापासूनच सुरू होतो.

भीम प्रथम चंद्रपूरकडे आला. त्या वेळी गावाला चांदा म्हणत, आणि ते इंग्रजी अमलात होते. तेथे विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याने त्याला आश्रय दिला आणि कामावर ठेवले, असे सांगतात. निरक्षर गोंड पोराला अक्षरांची ओळख तेथे झाली. खिळे जुळवणाऱ्याच्या हाताखाली वावरता वावरता त्याला एक गोष्ट उमगली असली पाहिजे. ती म्हणजे कागदावर जे लिहिलेले असते त्याच्यापुढे तोंडाने सांगितलेले काही टिकत नाही. तो छापखाना पुढे सरकारने बंद पाडला. मग भीम मजुरांच्या एका टोळीबरोबर थेट आसामात चहाच्या मळ्यावर गेला. तेथे काही वर्षे त्याने मजुरी केली. रोज ठरलेल्या वजनाची पाने खुडायची, मळेवाल्याच्या चाळीत राहायचे, आणि घरची खबर नाही. घर सोडून परमुलखात राबणे म्हणजे काय हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. कोणाचा बाप बोटीवर गेला असेल, कोणाचा भाऊ आखातात. त्यांच्या मागे निदान पत्रे येतात, पैसे येतात. भीमच्या मागे घरी एक ओळही येत नव्हती, कारण ती वाचणारे घरी कोणी नव्हते.

आसामातून तो परत आला तेव्हा पोर राहिला नव्हता. इथून पुढे त्यांना ‘ते’ म्हणणेच शोभेल.

काकनघाट येथे त्यांचे आप्त राहत होते, तेथे ते आले आणि लच्छू पटेल नावाच्या गोंड प्रमुखाच्या शेतीचा कारभार पाहू लागले. धान्याचा हिशेब, गडीमाणसे, गुरे, बी-बियाणे ही सारी कामे त्यांच्याकडे आली. पटेलांचा जमिनीसंबंधीचा एक दावा आसिफाबादच्या कचेरीत अडकला होता. त्याची सुनावणी, अर्ज, तारखा हे सारे भीमांनी सांभाळले आणि दावा मार्गी लावला, असे जुने लोक सांगत. ह्या एका कामाने त्यांचे नाव आसपासच्या गावांत झाले. कचेरीत जाऊन न घाबरता बोलणारा आणि कागद वाचणारा गोंड त्या काळी दुर्मीळ होता. लच्छू पटेलांनीच पुढाकार घेऊन त्यांचे लग्न सोमबाई ह्यांच्याशी लावून दिले.

वाचकहो, ह्या ठिकाणी त्यांची कथा संपली असती तरी ते एक भले आयुष्य झाले असते. चांगला धनी, अंगी कामाची हुशारी, घरी पत्नी. अडचण एकच होती. जमीन दुसऱ्याची होती. स्वतःच्या संसारासाठी स्वतःचा तुकडा असावा, ही इच्छा कोणत्या शेतकऱ्याला नसते? शिवाय भीमांच्या मागे केवळ त्यांचे घर नव्हते; चुलते, चुलतभाऊ आणि त्यांची भूमिहीन झालेली बिऱ्हाडे होती. ती सारी घेऊन ते बाबेझरीच्या डोंगरात गेले.

रान मोडून शेत करणे हे काम ज्याने केले आहे त्यालाच ते ठाऊक. उन्हाळ्यात झुडपे तोडायची, वाळली की जाळायची, बुंधे खणून काढायचे, दगड वेचून बांधाला लावायचे, आणि पहिला पाऊस पडण्याआधी हे सर्व उरकायचे. पहिल्या वर्षी पीक जेमतेम येते. दुसऱ्या वर्षी रानडुकरे येतात, म्हणून माळ्यावर बसून रात्र रात्र राखण करावी लागते. बायका पाणी दुरून वाहून आणतात. ज्वारी मळून घरात येईपर्यंत मोहाची फुले आणि रानभाजी ह्यांवर दिवस काढावे लागतात. पुरुषांच्या पराक्रमाच्या कथा पुढे गाण्यांतून उरतात. ज्या हातांनी त्या वस्तीत पाणी भरले आणि दळण दळले त्यांची नावे कोणी घेत नाही. सोमबाईंचे निदान नाव तरी उरले आहे.

गोंडांत एक जुनी रीत आहे. जो गाव वसवतो, तो गावाचा पटेल. गावाच्या राखणदार देवाचे, आकी पेनाचे, ठाणे त्याच्या पुढाकाराने मांडले जाते, आणि गावातील भांडणतंटे पंचांच्या साह्याने मिटवणे, परक्या बिऱ्हाडाला जागा नेमून देणे, विधवेच्या शेताची पेरणी अडली तर माणसे पाठवणे ही कामे पटेलाच्या अंगावर येतात. पटेलकीला पगार नसतो. भीमांच्या भोवती अशी बारा गावे उभी राहिली. जोडेघाट, पटनापूर, बाबेझरी, शिवगुडा, कल्लेगाव ही त्यांतली काही. तेथे गोंड होते तसे कोलामही होते. कुमराम सूरू नावाचा कोलाम तर त्यांचा अगदी जवळचा सहकारी होता. दोन जमातींनी एकत्र बसून आपला कारभार चालवावा, ही त्या डोंगरांत तरी सामान्य गोष्ट नव्हती.

ह्या बारा गावांवर जंगलखात्याची नजर गेली. डोंगर राखीव जंगलात मोडतो, तेव्हा शेते सोडा, असा हुकूम आला. गुरांच्या चराईवर पट्टी, सरपणावर पट्टी, आणि त्यावर पहारेकऱ्यांची चिरीमिरी निराळी. पैसे द्यावे तर काही महिने शांततेत जात. पुन्हा नवा पहारेकरी येई. घरे मोडली जात, झोपड्या पेटवल्या जात. माणसे दोन दिवस रानात राहून परत येत आणि पुन्हा कुडाच्या भिंती उभ्या करीत, कारण दुसरीकडे जावे तर जागा कोठे होती?

भीमांनी काय केले, ह्याचा क्रम नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांनी आधी अर्ज केले. कचेऱ्यांत खेटे घातले. पट्टे द्या, आम्ही सारा भरतो, एवढीच मागणी. आसिफाबादला दाद लागेना तेव्हा ते पायी व रेल्वेने हैदराबादेस निजामाची भेट घेण्यासाठी गेले, असे गोंड सांगतात, आणि भेट न होता परत आले. ‘जल, जंगल, जमीन’ ही जी घोषणा आज त्यांच्या नावाने सर्वत्र दिली जाते, तिच्यातील तिन्ही शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या गरजेचे आहेत. सिंहासन, राज्य, सत्ता असा शब्द तिच्यात एकही नाही.

सारे अर्ज फुकट गेल्यावर बारा गावांच्या लोकांनी जागा न सोडण्याचा निश्चय केला आणि भरमार बंदुका, कुऱ्हाडी, तीरकमठे जमवून ते जोडेघाटच्या डोंगरावर ठाण मांडून बसले. शस्त्र उचलण्याचा मार्ग बरा की वाईट, ह्यावर घरबसल्या निवाडा देणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकास इतकेच म्हणावयाचे आहे की, ज्या राज्यात गरिबाचा अर्ज वाचायला कोणी बसलेले नसते, त्या राज्यात ह्या प्रश्नाचे ओझे एकट्या गरिबावर टाकता येत नाही.

१९४० साली पोलिसांची मोठी तुकडी डोंगर चढून आली. बोलणी झाली, फिसकटली, आणि गोळीबार झाला. भीम व त्यांचे कित्येक सोबती तेथेच पडले. लोकांच्या आठवणीत तो दिवस आश्विन पौर्णिमेचा, म्हणजे आपल्याकडच्या कोजागरीचा. ज्वारीचे पीक त्या दिवसांत पोटरीत असते.

येथवरची हकीकत बहुतेकांना थोडीफार माहीत असते. पुढे जे घडले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि आमच्या मते भीमांच्या आयुष्याचा हिशेब त्यावाचून पुरा होत नाही.

त्या सुमारास ऑस्ट्रियातील एक मानववंशशास्त्रज्ञ, क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ, हैदराबाद संस्थानात होते. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन पारपत्रामुळे ते इंग्रजांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना संस्थानाबाहेर जाण्याची मोकळीक उरली नाही. डोंगरात असा उठाव का झाला, हे निजाम सरकारलाही जाणून घ्यावयाचे होते. हैमेनडॉर्फ आपल्या पत्नी बेट्टी ह्यांच्यासह मारलावाई नावाच्या गोंड गावात झोपडी बांधून राहिले आणि गोंडी शिकले. त्यांनी सरकारला स्पष्ट शब्दांत कळवले की, हे बंड वेडेपणाचे नाही; माणसांच्या पायांखालची जमीन काढून घेतली गेली आहे, ती त्यांना कायद्याने परत द्या. सरकारी नोकरीत असताना सरकारची चूक सरकारलाच लिहून देणारी माणसे फार नसतात.

त्यांच्या जोडीला एक मराठी गृहस्थ होते, हे वाचून वाचकांना आनंद वाटेल. पुढे शिवकालाचे इतिहासकार म्हणून ज्यांची कीर्ती झाली, ते सेतुमाधवराव पगडी त्या वेळी निजाम संस्थानच्या नोकरीत अधिकारी होते. मूळ निलंग्याचे. त्यांनी गोंडी आणि कोलामी ह्या भाषा शिकून त्यांची व्याकरणे लिहिली आणि गोंडांविषयी एक इंग्रजी पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध केले. ज्या समाजाची भाषा ‘रानटी बोली’ म्हणून हेटाळली जाई, तिचे व्याकरण एका महसुली अधिकाऱ्याने आवडीने लिहावे, ही गोष्ट आमच्या मते त्यांच्या मोठ्या ग्रंथांइतकीच मोलाची आहे.

१९४३ साली मारलावाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र उघडले. मुलांना प्रथम गोंडीतच शिकवावे असे ठरले. गोंडीत छापलेले पुस्तक नव्हते, म्हणून वाचनमाला तयार केली गेली, आणि तिच्यासाठी लिपी निवडली ती देवनागरी. गावातील मुले ज्या अक्षरांत पहिल्यांदा आपली भाषा वाचू लागली ती आपलीच अक्षरे होती. चांद्याच्या छापखान्यात भीमांनी जे एकट्याने मिळवले, ते आता शाळेत येऊन बसले.

आणि जमीन? पट्टे वाटण्याचे काम खरोखरच सुरू झाले. एकट्या आदिलाबाद जिल्ह्यात अकरा हजारांहून अधिक आदिवासी कुटुंबांच्या नावे सुमारे १,६०,००० एकर जमीन झाली. ह्यातला एकही पट्टा भीमांच्या हाती पडला नाही. परंतु डोंगरातील म्हाताऱ्यांना विचारले तर ते ह्या पट्ट्यांची गोष्ट जोडेघाटपासूनच सांगायला सुरुवात करतात.

हैमेनडॉर्फ दांपत्याने मारलावाईचा संबंध शेवटपर्यंत सोडला नाही. बेट्टीबाई १९८७ साली हैदराबादेत वारल्या, त्यांची समाधी गोंडांनी मारलावाईला बांधली. हैमेनडॉर्फ १९९५ साली लंडनला निवर्तले. त्यांच्या अस्थी २०१२ साली आणून पत्नीशेजारीच ठेवल्या गेल्या. गोंड लोक दरवर्षी तेथे जमतात.

ह्यानंतर सारे सुरळीत झाले असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. तसे झाले नाही. मिळालेल्या जमिनींपैकी पुष्कळ पुढील तीस वर्षांत कर्जापायी व फसवणुकीने पुन्हा हातच्या गेल्या. आदिवासींची जमीन इतरांनी घेऊ नये असे कायदे झाले. ते मोडणारेही हुशार होते. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार तेरा माणसे मेली. लोक ह्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. भीम जाऊन तेव्हा एकेचाळीस वर्षे झाली होती, निजामाचे राज्य जाऊन तेहतीस.

२००६ साली वनहक्कांचा कायदा झाला आणि जंगलातील कसणुकीला कायद्याने मान्यता मिळण्याची वाट उघडली. ३० जून २०२३ रोजी तेलंगणा सरकारने अशा जमिनींचे पट्टे वाटण्याचा आरंभ केला, तो आसिफाबाद येथे. भीम जेथे अर्ज घेऊन खेटे घालीत, त्याच गावी. राज्यभर दीड लाखांच्या वर कुटुंबांना चार लाख एकरांवर जमीन देण्याचे त्यात जाहीर झाले. पुढे मे २०२५ मध्ये वाघांच्या येण्याजाण्याची वाट सुरक्षित राहावी म्हणून त्याच जिल्ह्यातील विस्तीर्ण जंगल संरक्षित राखीव क्षेत्र ठरवणारा हुकूम निघाला. आपली गावे उठतील ह्या भीतीने आदिवासींनी त्याला विरोध केला, बंद पाळला, आणि जुलै महिन्यात सरकारने तो हुकूम तहकूब ठेवला. त्या राखीव क्षेत्राला सरकारने कोमाराम भीम ह्यांचेच नाव दिले होते. वाघ वाचले पाहिजेत ह्याविषयी दुमत नाही. परंतु नाव निवडणाऱ्या साहेबांनी त्या नावाच्या माणसाची गोष्ट एकदा ऐकून घ्यावयास हवी होती असे वाटते.

जोडेघाटला आता पक्की सडक गेली आहे. तेथे स्मारक आहे, आदिवासींच्या वस्तूंचे संग्रहालय आहे, भीमांचा पुतळा आहे. दर आश्विन पौर्णिमेला आसपासच्या गुड्यांवरून गोंड आणि कोलाम बिऱ्हाडे तेथे येतात. भीमांचे वंशज त्या दिवशी मानाने पुढे असतात. आधी गोंडी रीतीप्रमाणे पूजा होते, मग मंत्री व अधिकारी येतात आणि भाषणे होतात.

तिथून काही मैलांवर केसलापूरला पौष अमावास्येपासून नागोबाची मोठी जत्रा भरते. महाराष्ट्रातूनही मेश्राम कुळाचे लोक तिला जातात. ह्या जत्रेत हैमेनडॉर्फ ह्यांनी चाळीसच्या दशकात एक प्रथा घालून दिली : जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा डोंगरात यावे, दरबार भरवावा आणि आदिवासींचे म्हणणे तेथेच ऐकून घ्यावे. कचेरी गरिबाच्या दारी न्यावी, हा त्यामागचा विचार. तो दरबार अद्यापि भरतो. कलेक्टर येतात, मंडपात टेबले मांडतात, आणि बायाबापड्या, म्हातारे, तरुण पोरे हातांत कागद घेऊन रांगेत उभी राहतात. कोणाला विहीर हवी असते, कोणाला शाळेत मास्तर, आणि रांगेतील पुष्कळांच्या हातांतला कागद जमिनीचा असतो.